टीबीचं शुद्धिपत्रक

"गोळ्या चालू होत्या तेव्हा लघवीचा रंग कसा होता?" डॉक्टर श्रोत्रीबाईंनी विचारलं.

"पिवळा," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नुसता पिवळा?"

"चांगला पिवळा." उत्तर कमी पडतंय असं वाटलं की वाढवून लिहायचं, ही माझी शाळेपासूनची सवय.

"टीबीच्या औषधांनी लघवी नारिंगी होते. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरून धावत दवाखान्यात येतो. सहा महिन्यांत तुझ्या एकदाही लक्षात आलं नाही?"

"मी फारसं बघत नाही, मॅडम."

पुण्यातल्या त्या दवाखान्यात परदेशी जाणाऱ्यांच्या व्हिसासाठी तपासण्या होत. मला न्यूझीलंडला डेअरीचं पुढचं शिक्षण घ्यायला जायचं होतं. साताऱ्यात हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारायचा, इकडच्या म्हशींनी काय घोडं मारलंय? कोर्स पाच आठवड्यांनी सुरू होणार होता, फी भरून झाली होती, आईनं थालीपिठाची भाजणी दळून डब्यात भरून ठेवली होती. अडचण एकच होती. मला टीबी कधी झालाच नव्हता.

टीबी अण्णांनी निवडला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात वरिष्ठ सहायक. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारी पडलो. काय झालं होतं ते मिरजेच्या डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं होतं आणि ती ओळ घरात कुणी मोठ्यानं वाचली नव्हती. एकोणीस दिवस दवाखान्यात, मग चौदा महिने गोळ्या, कॉलेजचं एक वर्ष बुडालं. लोकांना काहीतरी सांगणं भाग होतं. त्यासाठी एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक झाली.

"कावीळ सांगू," आई म्हणाली. "कावीळ काय, सगळ्यांनाच होते."

"कावीळ महिन्यात उतरते," अण्णा म्हणाले. "पुढच्या गोळ्या कशात बसवायच्या?"

"मग टायफॉइड?"

"तीन आठवडे."

"किडनी?"

"किडनी सांगितल्यावर ह्याला मुलगी कोण देणार?"

अण्णांनी कागदावर दोन रकाने पाडले. एकात आजार, दुसऱ्यात कालावधी. आठ आजार लिहून झाले आणि नवव्याला ते थांबले. टीबी. लांबतो, बरा होतो, गोळ्या दिसल्या तरी चालतात आणि माणूस बारीक झालेला शोभतो. मी समोरच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, पण निवड मला पटली.

डॉक्टर गुजर आमचे घरचे डॉक्टर. त्यांच्या बंगल्यातल्या नळाला जो दाब होता तो अण्णांच्या कृपेनं होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिक्क्यासकट सर्टिफिकेट दिलं. कॉलेजनं ते ठेवून घेतलं, हजेरी माफ केली. सगळं सुरळीत झालं.

फक्त सुलोचना काकूचं काही सुरळीत झालं नाही. काकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्याच आवारात समोरच्या घरात राहणारी. टीबी ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझा पेला वेगळा केला. स्टीलचा, तळाला खिळ्यानं फुली मारलेला. "बरा झालास ना रे बाळा? बरं झालं हो," असं म्हणत म्हणत ती तीन वर्षं फुलीचा पेला माझ्यापुढं करत राहिली. गणपतीत मी आरती जोरात म्हटली की ती एक पाऊल मागं सरकायची. मी जरा जास्तच जोरात म्हणायचो.

मग न्यूझीलंड आलं. व्हिसाचं काम पाटणे बघत होता. त्यानं विचारलं, मधलं एक वर्ष गॅप कसला? अण्णांनी सर्टिफिकेट पुढं केलं. पाटणेनं ते अर्जाला जोडलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डोक्याचं वगैरे तसलं काही नाही ना साहेब? तसल्यांना देत नाहीत ते."

"छे," अण्णा म्हणाले. "छातीचं आहे."

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. अण्णांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत खाकी फाइल, वर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं : 'टाकी – देखभाल व दुरुस्ती.' त्यात नवल काही नव्हतं. लोक प्रवासाला डबा घेऊन निघतात तसे अण्णा ऑफिसची फाइल घेऊन निघायचे.

खंबाटकी घाटात त्यांनी उजळणी सुरू केली.

"झोप लागते का?"

"लागते."

"किती तास?"

"आठ."

"आठ म्हणू नको, संशय येतो. सात म्हण. कधी उदास वाटतं का?"

"नाही."

"एवढ्या लगेच नको. जरा विचार केल्यासारखं कर, मग नाही म्हण."

मी विचार केल्यासारखं केलं. "नाही."

"आता फारच विचार केलास. आणि टीबी?"

"झाला होता."

"ते मात्र ताठ मानेनं. आपल्याकडं कागद आहे."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी आपलं मूल खिडकीकडच्या बाजूला घेतलं.

दवाखान्यात उंची, वजन, रक्त, लघवी, एक्स-रे असं ओळीनं झालं. मग श्रोत्रीबाईंनी आत बोलावलं. साठीच्या, पांढरे केस कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. अण्णाही माझ्यामागून आत आले.

"आपण कोण?"

"वडील."

"मुलगा किती वर्षांचा?"

"चोवीस."

"मग बाहेर बसा."

अण्णा बाहेर गेले आणि लघवीच्या रंगावर माझी दांडी गुल झाली.

"हा तुझा एक्स-रे," बाई म्हणाल्या. "छाती अशी आहे की पाठ्यपुस्तकात छापावी."

"थँक्यू."

"कौतुक नाही केलं. अर्जात टीबी लिहिलाय. मग मला तेव्हाचे एक्स-रे हवेत, औषधांचा तक्ता हवा. ते नसेल तर थुंकीच्या तपासण्या, कल्चर. दोन महिने धर."

"कोर्स पाच आठवड्यांनी आहे, मॅडम."

"मग पुढच्या वर्षी जा."

मी खुर्चीत बसून हिशोब केला. कधी न झालेल्या आजारानं एक वर्ष जाणार होतं. झालेला आजार सांगितला तर पाटणेच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यभर साताऱ्यात. आणि तिसरं म्हणजे काकूचा पेला, जो दोन्हीकडं होताच.

"टीबी नव्हता," मी म्हणालो.

"मग काय होतं?"

"ते वडिलांना विचारावं लागेल."

"तुला काय झालं होतं ते वडिलांना विचारायचं?"

"कागद त्यांच्याकडं असतात."

बाईंनी दाराकडं बघून हाक मारली, "वडील! या आत."

अण्णा पिशवी छातीशी धरून आत आले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "टीबीच होता."

"कुठल्या गोळ्या होत्या?"

"पांढऱ्या."

"लघवीचा रंग कसा असायचा?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी नारिंगी रंग दाखवायचा प्रयत्न केला. तो डोळ्यांनी दाखवता येत नाही.

"पिवळा," अण्णा म्हणाले. आणि क्षणभर थांबून, "चांगला पिवळा."

श्रोत्रीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हसू येत होतं की राग, ते त्यांनी कळू दिलं नाही.

"खामकर, बसा. मी इथं कुणाला नापास करायला बसलेली नाही. मी बघते आणि लिहिते. निर्णय तिकडचे लोक घेतात. आजार असला तर मला त्याबद्दल चार ओळी लिहिता येतात. खोटं असलं तर त्याबद्दल मला काहीही लिहिता येत नाही. कळलं?" मग माझ्याकडं वळून, "तिसऱ्या वर्षाला काय झालं?"

"झोपून असायचो," मी म्हणालो. "म्हणजे झोप नाही, नुसता आडवा. अंघोळ नाही, जेवण नाही. मित्र आले की पंख्याकडं बघून बोलायचो. पंखा बंद असायचा."

"डिप्रेशन?"

"हो."

अण्णा भिंतीवरच्या उंची मोजायच्या पट्टीकडं बघत होते. एकशे साठ ते एकशे सत्तरच्या मधे कुठंतरी.

"जीव द्यावा असं कधी मनात आलं? तसा प्रयत्न?"

हा प्रश्न घाटात झाला होता. विचार केल्यासारखं करायचं आणि नाही म्हणायचं. मी विचार केल्यासारखं करायला लागलो, आणि पुढचा शब्द काही येईना.

"टाकी बघायला गेलो होतो," शेवटी मी म्हणालो. आमच्या घरात ते असंच म्हटलं जायचं.

"कसली टाकी?"

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, कुणीतरी चपला फरफटत गेलं.

"पाण्याची," अण्णा म्हणाले. ते अजून पट्टीकडंच बघत होते. "आमच्या कॉलनीच्या मागं उंच टाकी आहे. आमच्याच खात्याची. शिडीच्या फाटकाची किल्ली माझ्याकडं असायची. घरात, खुंटीला."

बाईंनी अर्ज बाजूला सारला.

"हा वर गेला होता. कठड्याच्या पलीकडं पाय सोडून बसला होता. मी गेलो मागनं. शिडीच्या वरच्या पायरीवर थांबलो. पुढं गेलो असतो तर..." अण्णांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक तास दहा मिनिटं."

"काय बोललात इतका वेळ?"

"मला काय बोलायचं सुचणार? बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहे. म्हटलं, आलाच आहेस तर पाणी किती आहे सांग. तो म्हणाला, अर्धी टाकी. म्हटलं असं चालत नाही, झाकण उघडून नीट बघ. त्यासाठी त्याला कठड्याच्या अलीकडं यावं लागत होतं. आला. मग म्हटलं गाळ बघ. झाकणाला गंज आहे का बघ. पट्टीवरचा आकडा सांग. सगळी तपासणी करून घेतली. मग म्हटलं, चल, रिपोर्ट खाली जाऊन लिहू."

"आणि लिहिला?"

"लिहिला की. फाइलला आहे."

त्यांनी पिशवीतून खाकी फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. 'टाकी – देखभाल व दुरुस्ती.' ती ऑफिसची नव्हती. आत मिरजेचं डिस्चार्ज कार्ड होतं. चौदा महिन्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर उजव्या कोपऱ्यात पान नंबर. औषध बंद केल्याचं पत्र. शिक्षणाला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुसरं पत्र, त्याच्या दोन झेरॉक्स. आणि सगळ्यात खाली वहीचा फाडलेला कागद, माझ्या अक्षरातला : पाणी अर्धी टाकी. गाळ साधारण. झाकण ठीक, थोडा गंज. त्याखाली अण्णांची सही, तारीख आणि शेरा : 'पाहिले. रंगकाम करून घ्यावे.'

मला तो कागद लिहिल्याचं आठवत नव्हतं. टाकीला त्या दिवाळीत रंग लागला होता, ते मात्र आठवत होतं.

श्रोत्रीबाईंनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. वीस मिनिटं तरी वाचत होत्या.

"हे सगळं जवळ होतं तर आधी का नाही दाखवलंत?"

"कुणी मागितलं नव्हतं," अण्णा म्हणाले.

"आता गोळ्या?"

"दोन वर्षं बंद," मी म्हणालो. "नंतर डिग्री पूर्ण केली. वर्षभर दूध संघात नोकरी केली."

"परत तसं वाटलं तर काय करशील?"

हा प्रश्न घाटात झाला नव्हता. "सांगेन," मी म्हणालो. "एवढ्यात सांगायला लागलोय."

बाई लिहायला लागल्या. मला राहवलं नाही. "मॅडम, पण तसल्यांना व्हिसा देत नाहीत ना?"

"कोण म्हणालं?"

"पाटणे."

"डॉक्टर आहेत?"

"नाही. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे."

"मग त्याला झेरॉक्स काढू दे." त्या लिहीतच होत्या. "शब्द देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण इतका व्यवस्थित पेशंट माझ्याकडं वर्षात एखादा येतो. राहिलं ते टीबीचं सर्टिफिकेट. ते अर्जाला लागलंय. त्याचं काय करायचं?"

अण्णांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. हा प्रश्न त्यांच्या खात्यातला होता.

"शुद्धिपत्रक काढतो," ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून, फाइल मांडीवर घेऊन त्यांनी ते एकटाकी लिहिलं. मी शेजारी बसून वाचत होतो. 'संदर्भीय प्रमाणपत्रात आजाराचे नाव क्षयरोग असे नमूद आहे, त्याऐवजी नैराश्य असे वाचावे. सदर चुकीची माहिती खाली सही करणाऱ्याने जाणूनबुजून दिली होती. मुलाचा यात दोष नाही. तो आजारी होता.'

शेवटचं वाक्य लिहिल्यावर त्यांनी त्याखाली रेघ मारली. सरकारी मसुद्यात अशी रेघ मारत नाहीत.

"डॉक्टर गुजरांचंही पत्र लागेल," श्रोत्रीबाई म्हणाल्या. "त्यांनी सर्टिफिकेट मागं घेतल्याचं."

"गुजर लिहून देतील," अण्णा म्हणाले. "उन्हाळा तोंडावर आलाय."

व्हिसा बाविसाव्या दिवशी आला. ह्याला आता नऊ वर्षं झाली आणि तिकडच्या गाईंना मी कुठून आलो, मधे गॅप कसला, असलं काही विचारावंसं वाटत नाही. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं, आम्ही पुण्याहून परत आलो तेव्हाचं.

काकू तिच्या ओट्यावर विळी घेऊन कांदे चिरायला बसली होती. आम्हाला फाटकात बघून तिनं तिथूनच विचारलं, "झाली का रे तपासणी? या, चहा घ्या. आत्ताच केलाय."

तिनं दोन कप आणि फुलीचा पेला आणला. चहा ओतला. पेला माझ्यापुढं सरकवला, बोटानं, कडेकडेनं. मी हात पुढं केला तर अण्णांनी तो मधेच उचलला. चहासकट वर धरून तळाची फुली बघितली, जसं काही मीटरवरचं रीडिंग घेतायत.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्याला टीबी नव्हता."

"अगं बया!" काकू म्हणाली. "मग?"

"नैराश्य. मनाचा आजार. मिरजेला ठेवला होता एकोणीस दिवस. टीबी मी सांगितला, माझी चूक. बरा आहे आता."

मी अण्णांना तो शब्द तोंडानं उच्चारताना पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी तो वाचून दाखवावा तसा उच्चारला, पण आवारातल्या नळावर पाणी भरणाऱ्या दोन बायकांनाही ऐकू जाईल इतका.

काकू उठली, आत गेली आणि फडताळातल्या वरच्या फळीवरचा कप घेऊन आली. निळ्या फुलांचा, बशीसकट, पाहुण्यांचा. पेल्यातला चहा त्यात ओतला आणि माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी थँक्यू म्हणणार तेवढ्यात तिनं वाकून दुसऱ्या हातानं विळी उचलली, पदराआड धरली आणि हळूच आत न्यायला निघाली.

मला हसू फुटलं. खरंच. तीन वर्षं ती माझ्या खोकल्याला भीत होती, आता दहा सेकंदांत विळीवर आली होती.

अण्णा हसले नाहीत.

"वहिनी, विळी राहू द्या."

काकू उंबऱ्यात थांबली.

"राहिलेले कांदे तो चिरून देईल," अण्णा म्हणाले. "घरी तोच चिरतो."

मी जन्मात कधी कांदा चिरला नव्हता. अण्णांनी त्या दिवसातली एक थाप शिल्लक ठेवली होती आणि तिचं शुद्धिपत्रक काढायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

काकूनं अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विळी परत ओट्यावर ठेवली. मी चहा संपवला, मांडी घातली, विळीवर पाय ठेवला आणि पहिला कांदा पात्यावर धरला. अण्णा ओट्याच्या पायरीवर बसले, माझ्यापासून हातभर अंतरावर. काकू उभीच होती.

"लई जाड चिरतोय हो," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"चिरू द्या."

नळावरच्या बायकांच्या घागरी कधीच्या भरून वाहत होत्या.

"किती झाले?" अण्णांनी विचारलं.

"अर्धे," मी म्हणालो.

"असं चालत नाही. मोजून सांग."

मी मोजले. "साडेतीन झाले. चार राहिलेत."

"चालू दे," अण्णा म्हणाले आणि गार झालेला चहा प्यायला लागले.